रविवारची भक्ती सोमवारच्या मापात: सीमाभागातल्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांसाठी

बेळगावच्या वडगावात माझं शिलाईचं दुकान आहे. आजूबाजूला मागांचा खडखडाट, समोर किराणा, वर घर. काही वर्षांपूर्वी एका बाईंनी ब्लाऊजसाठी खणाचं कापड दिलं. बाही आखूड ठेवायला सांगितली होती, त्यामुळे वीतभर तुकडा उरला. ब्लाऊज न्यायला आल्यावर त्यांनी विचारलं, "कापड काही उरलं का हो?" मी पटकन "नाही" म्हटलं. तो तुकडा संडे स्कूलच्या नाताळच्या नाटकात एका मेंढपाळाच्या मुंडाशाला लावायचा, असं मी ठरवून टाकलं होतं. देवाच्याच कामाला तर जातोय, अशी मनाची समजूतही घालून झाली होती.

त्याच आठवड्यात घरच्या वाचनात बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय आला. पस्तिसाव्या वचनात देव सांगतो की लांबी, वजन आणि माप यांत अन्याय करू नका. वजनकाट्याबद्दलची वचनं मी पूर्वी ऐकली होती, पण ती किराणावाल्यासाठी आहेत असंच धरून चालले होते. इथे मापांतला पहिला शब्द लांबी. म्हणजे माझ्या गळ्यातल्या टेपविषयीच. दुसऱ्या दिवशी तो तुकडा घेऊन मी त्या बाईंच्या घरी गेले आणि खोटं बोलल्याचं सांगितलं. त्यांनी तुकडा घेतला, चहा केला आणि पुढच्या आठवड्यात मुलीचं कापड घेऊन आल्या.

तेव्हापासून आठवड्याचे सातही दिवस मी जरा बारकाईने बघू लागले. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या घरांत आणि मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, काय केल्याने खरंच फरक पडतो, ते लिहितेय. मी प्रोटेस्टंट मंडळीतली. कॅथॉलिक बंधुभगिनींकडे मिस्सा, रोझरी आणि पापनिवेदनाची स्वतःची शिस्त आहे. त्यांनी माझ्या सांगण्यातलं त्यांना जमेल ते घ्यावं.

सकाळ: आधी वचन, मग फोन

मार्क १:३५ मध्ये प्रभू येशू पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. आपल्या दोन खोल्यांच्या घरात एकांत कुठून आणायचा? मी स्वयंपाकघरातला कोपरा घेतला. नळाला पाणी यायच्या आधीची पंधरा मिनिटं. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. फोनवरच बायबल वाचणाऱ्यांना मी दोष देत नाही, पण माझं तरी वचन वाचता वाचता बोट मेसेजवर जातं. म्हणून छापील पुस्तक.

सुरुवात करणाऱ्यांनी उत्पत्तीपासून सलग वाचायला बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लेवीयपर्यंत पोचता पोचता बहुतेकांचा दम सुटतो. मार्कचं शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय आहेत. रोज अर्धा वाचलात तरी साधारण महिन्याभरात प्रभूचं सगळं चरित्र डोळ्यांखालून जातं. मग स्तोत्रं, रोज एक. ११९ वं स्तोत्र १७६ वचनांचं आहे, ते आठवडाभर पुरवा. ११७ वं दोनच वचनांचं आहे, त्या दिवशी तेच तीन वेळा म्हणा.

वाचन मोठ्याने करा, निदान ओठ हलू देत. एका वचनाखाली पेन्सिलने रेघ मारा आणि स्वतःला एकच विचारा: हे आज कुणाच्या बाबतीत पाळायचं आहे? "आपण सर्वांवर प्रीती करू या" असल्या उत्तरावर थांबू नका. उत्तरात माणसाचं नाव आलं पाहिजे. जाऊबाई, दुकानातली मुलगी, उधारी न फेडणारा शेजारी.

प्रार्थनेसाठी एक छोटी वही करा. डाव्या पानावर नावं, उजव्या पानावर तारीख आणि काय झालं ते. ही वही नंतर फार उपयोगी पडते. आपण मागतो आणि विसरून जातो, उपकार मानायचे राहून जातात. वहीत ते दिसतं.

रात्री घरची उपासना, दोन लिपींत

घरच्या उपासनेची सर्वात मोठी अडचण म्हणजे ती लांबते. बारा मिनिटांत संपवा. एक गीत, दहा-पंधरा वचनं, प्रत्येकाची एक ओळ प्रार्थना, प्रभूची प्रार्थना, आमेन. मुलं पेंगायला लागल्यावर उपदेश सुरू केला तर त्यांच्या मनात उपासना आणि कंटाळा यांची गाठ कायमची बसते.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. घरात आपण मराठी बोलतो, पण मुलं कन्नड नाहीतर इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, पुढे ठेवलं की अडखळतात, लाजतात आणि हळूहळू वाचायचं टाळतात. यावर ओरडून काही होत नाही. घरात मराठी आणि कन्नड, दोन्ही बायबलं ठेवा. मुलाला येतं त्या लिपीत त्याने आधी वाचावं, मग तेच वचन आजीने किंवा आईने मराठीत वाचावं. आठवड्यातून एक दिवस उलट करा. मुलगा मराठी वाचेल आणि चुकेल तिथे आजी सांगेल. माझी धाकटी मुलगी असंच मराठी वाचायला शिकली.

याबाबतीत मला पंडिता रमाबाई नेहमी आठवतात. जन्म १८५८ सालचा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात, मराठी घरात. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, पण शास्त्राचं मराठी भाषांतर हाती घेतलं तेव्हा साध्या, कमी शिकलेल्या बायांना कळावं यासाठी झटल्या. १९२२ मध्ये त्या वारल्या, शेवटपर्यंत हेच काम चालू होतं. घरात वाचून दाखवताना शब्द कठीण आला तर थांबून आपल्या बोलीत सांगा. त्यात शास्त्राचा मान कमी होत नाही.

नवरा किंवा सासू विश्वासात नसेल तर तिथे जबरदस्ती नको. तुम्ही तुमच्या कोपऱ्यात बसा. आवाज लहान ठेवा आणि त्यांच्या जेवणाची वेळ चुकवू नका.

धंदा: "उद्या या" म्हणायचं बंद करा

शिवणाऱ्यांच्या तोंडात एक खोटं कायम बसलेलं असतं, "उद्या या." ब्लाऊज कापलेलाही नसतो. मत्तय ५:३७ मध्ये प्रभू म्हणतो की तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही असं असू द्या. मला हे वचन पाळायला कबुलीपेक्षा हिशेब जास्त कामी आला. मी आणि मदतीची मुलगी मिळून दिवसाला अस्तराचे सहा ब्लाऊज होतात. आठवड्याचे छत्तीस. आजारपण, वीज जाणं, पाहुणे धरून मी तीसच घेते. तीस झाले की पुढच्या आठवड्याची तारीख, वहीत आणि गिऱ्हाईकाच्या चिठ्ठीवर, दोन्हीकडे. दसऱ्यानंतर दिवाळीचं नवं काम घेत नाही. पहिल्या वर्षी काही गिऱ्हाइकं तुटली. पुढच्या वर्षी त्यांतली बरीच लवकर कापड घेऊन आली, कारण इथे दिलेली तारीख पाळली जाते हे त्यांना कळलं होतं.

तुमचा धंदा वेगळा असेल, पण प्रत्येक धंद्यात असं एक ठरलेलं खोटं असतंच. भाजीच्या ढिगात खाली ठेवलेला किडका माल, गूळ विकताना न सांगितलेली ओल, कचेरीत "साहेब मीटिंगमध्ये आहेत". ते एक खोटं शोधा. सगळं एकदम सुधारायला जाऊ नका. एका वेळी एकच.

उरलेल्या कापडासाठी मी कागदी पिशव्या ठेवल्यात. बोटभर चिंधी सोडून जे उरेल ते पिशवीत, पिशवी ब्लाऊजबरोबर. लहान चिंध्या हव्या असल्या तर विचारून घेते. त्यांच्या गोधड्या होतात, त्या मंडळीतल्या बाळंतिणींना जातात.

मजुरीबद्दल बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकातलं २४:१५ बघा. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यायची, कारण तो गरीब आहे आणि त्याचं मन तिच्यावर लागलेलं असतं. आमच्याकडे हिशेब नगावर असतो आणि शनिवारी होतो. शनिवारी गल्ल्यात पैसे नसतील तर आधी मुलीची मजुरी, मग माझ्या घरचा बाजार. मी हे दोनदा मोडलं आहे, आणि दोन्ही वेळा त्या मुलीच्या आईला उसने घ्यावे लागले. मुलीने ते मला महिन्याने सांगितलं. मालकिणीपुढे गरीब माणूस तोंड उघडत नाही, म्हणून आपणच विचारायचं असतं.

हाताने काम करणाऱ्यांनी प्रेषितांची कृत्ये ९:३६ पासून पुढे जरूर वाचावं. यापोतली टबीथा वारली तेव्हा विधवा रडत जमल्या आणि पेत्राला तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे दाखवू लागल्या. तिचं एकही वाक्य शास्त्रात नाही, शिवलेले कपडे मात्र आहेत. हे वाचून मला फार धीर येतो. मला उभं राहून साक्ष देता येत नाही, गळा दाटतो.

रविवार

दिवाळीआधीच्या रविवारी दुकान उघडायचं का? मी उघडत नाही. मंगळवारपासूनच दारावर पाटी असते. पण हे सर्वांवर लादण्याची माझी तयारी नाही. दवाखान्यातली नर्स, बसचा कंडक्टर, गळीत हंगामात साखर कारखान्याच्या शिफ्टला असलेला माणूस यांनी काय करावं? शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, मनुष्यासाठी झाला असं प्रभूनेच मार्क २:२७ मध्ये सांगितलंय. अशांनी बुधवारची किंवा शुक्रवारची प्रार्थनासभा पक्की धरावी, आणि मंडळीने त्यांना "रविवारी दिसत नाही" असं टोचू नये. उलट त्यांच्या घरी जावं.

रविवारची तयारी शनिवारी रात्री करा. दानाचं पाकीट, कपडे, मुलांचं पाठांतर. वेळेआधी दहा मिनिटं पोचा आणि रोजची जागा सोडून नवीन माणसाच्या शेजारी बसा. संदेशाचा मुद्दा घरी जेवताना एकाने सांगायचा, आळीपाळीने. पाळकसाहेबांच्या चुका जेवताना काढायच्या नाहीत. काही खटकलं असेल तर त्यांनाच जाऊन भेटा.

प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) आठवड्यात १ करिंथ ११:१७ ते ३४ वाचा. बहुतेकजण २८ वं, स्वतःची परीक्षा करण्याचं वचन वाचून थांबतात. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल ज्यामुळे रागावला ते त्याच्या आधी आहे: एक भुकेला राहतो आणि दुसरा पिऊन मस्त होतो. परीक्षा करताना आपल्या मंडळीत कुणाचं घर या महिन्यात अडचणीत आहे, हेही आठवायचं असतं.

दोन भाषा, एक मंडळी

आता सर्वात नाजूक विषय. लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात १८२० साली सुरू झालं, पुढे ते मेथडिस्टांकडे आलं. कॅथॉलिक धर्मप्रांत १९५३ सालचा. म्हणजे इथल्या मंडळ्या १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपेक्षा जुन्या आहेत. सीमारेषा नंतर आली. तरी तिचं भांडण आपण चपलांबरोबर बाहेर काढून ठेवत नाही, ते आत घेऊन येतो.

एका वर्षी नाताळच्या कार्यक्रमाची गाणी ठरत होती. महिला मंडळाच्या बैठकीत मी म्हणाले, "कन्नड गाणी फार झाली की." एक वयस्कर अक्का समोरच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढचे दोन रविवार आल्या नाहीत. मी शब्द मागे घेतले नाहीत, कारण माझ्या मते माझं म्हणणं खरं होतं. गाण्यांची संख्या मोजली तर खरंही होतं.

मग मत्तय ५:२३-२४ समोर आलं: वेदीजवळ दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जा. कुणाचं म्हणणं बरोबर होतं, याचा त्यात उल्लेखच नाही. मी गेले. मला जे शिकायला मिळालं ते असं: एकटीने जा. मध्यस्थ घेऊन गेलात की समोरच्याला घेरल्यासारखं वाटतं. फोनवर नको, मेसेजवर तर नकोच. आपण काय बोललो ते आपल्या तोंडाने पुन्हा म्हणा आणि माफी मागा. माफीनंतर "पण" म्हणायचं नाही. कारणं सांगायची असतील तर पुन्हा कधीतरी. अक्कांनी माझा हात धरला आणि कन्नडात काहीतरी म्हणाल्या, मला अर्धंच कळलं. दोष दुसऱ्याचा असेल तर मत्तय १८:१५ ते १७ ची पायरी आहे: आधी दोघांतच, मग एक-दोघांना घेऊन, शेवटी मंडळीपुढे. आपल्याकडे ही पायरी उलटी चालते. मंडळीला आधी कळतं, ज्याने दुखावलं त्याला सर्वात शेवटी.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय मंडळीच्या प्रत्येक कमिटीने वर्षातून एकदा एकत्र वाचावा असं मला मनापासून वाटतं. पहिल्या मंडळीतलं भांडण भाषेच्या गटांचंच होतं. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही. सात माणसं निवडली, आणि त्या सातांची नावं बघा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक नावं. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्या माणसांच्या हातात वाटप दिलं.

याचा आपल्या मंडळीत अर्थ असा. ज्या भाषेचे सभासद कमी आहेत, त्यांच्यातला माणूस दानाच्या हिशेबात आणि मदतीच्या वाटपात असलाच पाहिजे. सूचना दोन्ही भाषांत, आणि दुसऱ्या भाषेतली घाईघाईने उरकायची नाही. दर रविवारी दुसऱ्या भाषेतलं एक गीत सर्वांनी म्हणावं, शब्द आपल्या लिपीत छापून. नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्म्यानंतर अभंग-ओव्यांच्या चालीत भजनं रचली, ती कन्नड भावंडांनाही आवडतात, कारण टाळ आणि चाल त्यांच्याही कानांत बसलेली आहे. प्रभूची प्रार्थना एकाच वेळी, ज्याला ज्या भाषेत येते तशी. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" आणि "परलोकदल्लिरुव नम्म तंदेये" शेजारी शेजारी ऐकताना पन्नासाव्या दिवसाची, शिष्य निरनिराळ्या भाषांत बोलू लागले त्या दिवसाची, आठवण येते.

आणि १ नोव्हेंबर. त्या दिवशी शहरात एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसऱ्या बाजूला मराठी भाषकांचा निषेधाचा काळा दिवस. चर्चच्या जुन्या पंचांगात तोच सर्व संतांचा दिवस, आणि दुसऱ्या दिवशी मृतांचं स्मरण. भाषेचा हक्क मागणं मी चूक मानत नाही, मला माझी मराठी प्यारी आहे. पण त्या संध्याकाळी दोन्ही भाषांच्या पाच-पाच कुटुंबांनी एकत्र जमून गेलेल्यांची नावं वाचावीत आणि प्रार्थना करावी. त्या दिवशी मंडळीच्या ग्रुपवर भाषेचे मेसेज टाकू नयेत, इतकं तरी ठरवाच.

शेजारी आणि त्यांचे सण

गल्लीत गणपती बसतो, वैशाखात शिवजयंतीचे देखावे निघतात, शेजारीण यल्लम्माच्या यात्रेहून येते. पूजेत मी भाग घेत नाही, आणि हे शेजारणींना आधीच, हसून सांगितलेलं आहे. ऐनवेळी पाठ फिरवली की अपमान वाटतो. घरी जेवायला बोलावलं तर जाते. १ करिंथ १०:२७ मध्ये पौल सांगतो, पुढे वाढलेलं काही न विचारता खा. हे अर्पण केलेलं आहे असं कुणी सांगितलं तर त्याच्यासाठी खाऊ नका. प्रसादाबाबत मंडळ्यांत मतं वेगळी आहेत. रोम १४ प्रमाणे एकमेकांना दोष न देता आपापल्या विवेकाने वागा. वर्गणीऐवजी मी मंडळाच्या रक्तदान शिबिराला हातभार लावते, आणि तेही आधी सांगून.

दुसऱ्याच्या देवाची टिंगल कधीही नको. इफिसात दंगल उसळली तेव्हा शहराच्या चिटणीसाने पौलाच्या सोबत्यांच्या बाजूने सांगितलं की यांनी देवळं लुटली नाहीत आणि आपल्या देवीची निंदाही केली नाही (प्रेषितांची कृत्ये १९:३७). आपल्या गल्लीतल्या माणसाला आपल्याबद्दल असं म्हणता आलं पाहिजे. दिवाळीला त्यांचं ताट येतं, नाताळला करंज्या-शंकरपाळ्यांचं आपलं ताट जातं.

पैसा

थोडक्यात सांगते. १ करिंथ १६:२ प्रमाणे आठवड्याच्या पहिल्या दिवशी बाजूला काढा, म्हणजे खर्चाच्या आधी. दशमांश एकदम जमत नसेल तर विसावा भाग ठरवा, पण नियमित द्या. हंगामाच्या सणाला मंडळीत आणलेल्या पिकाचा लिलाव होतो, त्यात शेंगांची जुडी चढाओढीने हजारावर नेण्यापेक्षा, ज्याने ती जुडी आणली त्या म्हातारीला आधी सन्मानाने पुढे बोलवा. मंडळीचा हिशेब दर तीन महिन्यांनी भिंतीवर लावा. पौलासारखा प्रेषितही पैशाबाबत माणसांपुढेही निर्दोष राहायची काळजी घेत होता (२ करिंथ ८:२०-२१), मग आपली कमिटी हिशेब मागितल्यावर का रागावते?

आजाऱ्याकडे आणि मयताच्या घरी

दवाखान्यात भेटीची वेळ पाळा, दहा मिनिटं बसा. लांब प्रार्थना नको. आजाऱ्याचा हात धरून २३ वं किंवा १२१ वं स्तोत्र, त्याच्या भाषेत. त्याच्यापेक्षा सोबत बसलेल्या माणसाला विचारा, "तुम्ही जेवलात का?" डबा त्याच्यासाठी न्या. "देवाने परीक्षा घेतली", "पाप असेल" असलं काही बोलू नका. इयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर चांगले होते.

मयताच्या घरी पहिल्या तीन दिवसांत माणसं खूप असतात, चहाच्या कपांना जागा नसते. जा, भांडी घासा, खुर्च्या लावा. खरी गरज नंतर लागते, पाहुणे गेल्यावर. गेल्या वर्षी त्याच अक्का वारल्या. वहीत मी त्यांच्या सुनेच्या नावापुढे चार तारखा लिहिल्या: पंधरा दिवस, चाळीस दिवस, पहिला नाताळ, वर्षश्राद्धाऐवजी वर्षाची प्रार्थना. तुम्हीही वहीत अशा तारखा लिहा, आणि त्या दिवशी दुकान तासभर लवकर बंद करून जा.